कान तयार नाही

"हलायचं नाही, गिळायचं नाही आणि हसायचं तर मुळीच नाही," असं बजावून ऋजुताने भाचीच्या उजव्या कानात मऊ रबरी बूच बसवलं.

सहा वर्षांच्या मुलाला हसू नकोस म्हटलं की ते हसतंच. जुईही हसली आणि पडद्यावरची रेषा वेडीवाकडी नाचली. ऋजुताने डोळे वटारले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बुचातल्या इवल्याशा स्पीकरने जुईच्या कानात 'सा' दिला, मग 'रे' दिला आणि तो गप्प झाला. आता पुढचं काम कानाचं होतं.

मिरजेच्या त्या संगीत विद्यालयात ऋजुता कवठेकर पाच वर्षं हेच करत होती. मुलांचे कान तपासायचे आणि प्रवेशाच्या फॉर्मवर दोनपैकी एक शिक्का मारायचा: 'कान तयार' किंवा 'कान तयार नाही'. शब्द जुनेच होते. गाणारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आली होती, 'अजून कान तयार नाही हो पोराचा.' पूर्वी हे एखादे बुवा पान लावता लावता सांगायचे आणि आईबाप ते साफ उडवून लावायचे. आता यंत्र सांगत होतं, म्हणून सगळे मुकाट्याने ऐकत होते.

यंत्रामागचं विज्ञान तसं फार अवघड नव्हतं. आपला कान नुसता ऐकत नाही, तो स्वतः आवाजही करतो. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात बारीक केस असलेल्या पेशींची रांग असते. सूर आला की त्या थरथरतात, आणि थरथरताना स्वतःचा एक अगदी क्षीण ध्वनी बाहेर टाकतात. तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही हे बघायला डॉक्टर कित्येक वर्षं याचाच आधार घेत आले होते.

नवा शोध होता तो याच्या पुढचा. मेंदूकडून काही नसा उलट्या, खाली कानाकडे येतात आणि त्या पेशींना सावध करतात. पुढे कोणता सूर येणार हे मेंदूने ओळखलेलं असेल, तर पेशी त्या सुराला आधीच लागतात. सूर यायच्या पाव सेकंद आधी कान तोच सूर स्वतः काढतो. तो कुणालाच ऐकू जात नाही, कान ज्याचा त्यालासुद्धा नाही. पण श्वासाचे आणि नाडीचे आवाज वजा करून तो हजारो पटींनी वाढवला की टेबलावरच्या स्पीकरमधून चक्क ऐकू येतो.

यंत्राला लांबलचक इंग्रजी नाव होतं. लोकांनी ते टाकून देऊन त्याला 'कानबोली' म्हणायला सुरुवात केली. सा आणि रे ऐकून ज्याचा कान पुढचा 'ग', म्हणजे गंधार, जागेवर काढेल, ते मूल शिकायला तयार. कान गप्प बसला किंवा सूर हलला, तर तीन महिने थांबायचं. यंत्राला एकच गोष्ट कळत नसे. कान आठवून बोलतोय की अंदाजाने, हे त्याला सांगता येत नसे. प्रशिक्षणाच्या वेळी ऋजुताने हे वाक्य वहीत लिहून घेतलं होतं आणि नंतर ती ते पार विसरून गेली होती.

सा. रे. आणि मग स्पीकरमधून जुईचा कान बोलला.

गंधारच होता तो. पण सरळ नव्हे, किंचित उतरलेला. जिन्याची शेवटची पायरी जरा खाली निघावी आणि पाय दचकावा, तसा.

ऋजुताच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा गंधार तिच्या ओळखीचा होता.

केतकी तिची थोरली बहीण. मिरजेत तिच्या तोडीचं गाणारी मुलगी त्या वेळी दुसरी नव्हती. दोघी बहिणींची लहानपणापासून एक खूण होती. एकीने जिना चढता चढता गुणगुणत विचारायचं, 'आहेस?' आणि दुसरीने आतून लांबवून उत्तर द्यायचं, 'आहे.' विचारणं सा आणि रे या सुरांत, उत्तर गंधारावर. मैफलीत केतकीचा गंधार लखलखीत लागायचा, पण घरच्या त्या उत्तरात तो नेहमी असाच थोडा खाली असायचा. घरात आळस करत असेल, असं ऋजुताला वाटायचं.

बाळंतपणाला केतकी माहेरी आली ती चौथ्या महिन्यातच. जुई अकरा दिवसांची असताना जंतुसंसर्ग झाला आणि केतकी गेली. जुईचे वडील मस्कतला होते, पुढे तिथेच त्यांनी दुसरं लग्न केलं. ते दर रविवारी फोनवर दिसत आणि जुईला 'काय म्हणतेस बेटा' असं विचारत. जुई मावशीचीच झाली.

पोटातल्या बाळाला सहाव्या महिन्यापासून ऐकू येतं, हे ऋजुताला नोकरीमुळे चांगलं ठाऊक होतं. तिने चाचणी पुन्हा घेतली. सा. रे. स्पीकरमधून तोच उतरलेला गंधार आला. 'आहे.'

तिने फॉर्म पुढे ओढला आणि शिक्का मारला: कान तयार नाही. नियमाने ते बरोबर होतं, सूर जागेवर नव्हता. त्या दिवशीचा शिक्का खरा होता. पुढचे तीन नव्हते.

कारण असल्या हललेल्या सुरावर इलाज अगदी सोपा होता. रोज वीस मिनिटं, असं पंधरा दिवस तंबोऱ्याजवळ बसवलं की कान आपोआप ताळ्यावर येत असे. ऋजुताने शेकडो आईबापांना तो सांगितला होता. पण एकदा सूर सरळ झाला की आधीचा पुसला जाई, तो पुन्हा कधी उमटत नसे. जुईचं गाणं सुरू झालं की पंधरा दिवसांत केतकीचा शेवटचा उरलेला आवाज जगातून नाहीसा होणार होता. ऋजुताला ते सहन होण्यासारखं नव्हतं. तिने जुईला तंबोऱ्याच्या आसपास फिरकू दिलं नाही.

विद्यालयात कानबोलीचं एक जुनं यंत्र अडगळीत पडलं होतं. दुरुस्त करते म्हणून ती ते घरी घेऊन आली.

रोज शाळेतून आल्यावर जुई दूध प्यायची, हातपाय धुवायची आणि खुर्चीत जाऊन बसायची. मोरीतून ती नेहमीसारखी ओरडायची, "मावशी, आहेस?" आणि ऋजुता यंत्राच्या तारा सोडवता सोडवता म्हणायची, "आहे." मग बूच कानात जायचं.

सुरुवातीला ऋजुता फक्त तेवढंच विचारी. सा. रे. आणि उत्तर येई. पुढे तिला राहवेना. केतकी संध्याकाळी भूप राग आळवत असे, त्यातल्या ओळी ती एकेक करून द्यायला लागली. अर्धी ओळ यंत्राने दिली की उरलेली अर्धी जुईचा कान पुरी करी. एक दिवस दोन सूर पुढे, दुसऱ्या दिवशी चार. गंधार आला की तो दर वेळी तसाच, किंचित खाली. स्पीकरमधला तो आवाज धड बाईचा नव्हता, बाप्याचा नव्हता. बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकर घालावी तसा तो पोकळ होता. तरी ऋजुता टेबलावर कोपर टेकून ऐकत बसे आणि तिच्या डोळ्यांना धार लागे.

"मावशी, यात कोण बोलतं?" जुईने एकदा विचारलं.

खरं सांगायचं तर ऋजुताने 'तुझाच कान' असं उत्तर द्यायला हवं होतं. तेच तर ती सगळ्या मुलांना सांगायची. पण तोंडून निघून गेलं, "तुझी आई."

त्या दिवसापासून जुई बूच कानात असताना एकदाही हसली नाही. डोळे मिटून, मुठी आवळून, परीक्षेला बसल्यासारखी बसायची आणि झालं की विचारायची, "आज आई काय म्हणाली?"

मग घरात विचित्र गोष्टी घडू लागल्या. बेल वाजायच्या आत जुई "आले, आले" म्हणत दाराकडे पळायची, आणि ती दाराशी पोचली की बेल वाजायची. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी कानावर हात ठेवायची. ऋजुता "जुई" म्हणायला तोंड उघडायची तोवर पलीकडून "काय?" आलेलं असायचं. शाळेतून बाईंचा निरोप आला: हजेरी घेताना तिचं नाव यायच्या आधीच ती 'हजर' म्हणते, मुलं हसतात, जरा समज द्या.

ऋजुता ज्या धंद्यात होती त्यात याचा अर्थ न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. रोज रोज पुढचं ओळखायला लावल्यामुळे पोरीचे कान सदा पुढे धावत होते. थांबायला हवं होतं. ती रोज ठरवायची की आजचा शेवटचा दिवस.

एका दुपारी तिने बूच बसवलं आणि यंत्र सुरू केलं. 'सा' अजून दिलाच नव्हता. तिचा हात कळीपासून वीतभर लांब होता. खोलीत अगदी शांत होतं, पंखासुद्धा बंद होता.

स्पीकर बोलला. उतरलेला गंधार. 'आहे.'

कुणी विचारलं नव्हतं आणि उत्तर आलं होतं. ऋजुता जागच्या जागी थिजली. आपल्या पाठीशी कुणीतरी उभं आहे असं तिला वाटलं आणि मागे वळून बघायची हिंमत होईना.

"बरोबर सांगितलं ना मी?" जुईने डोळे मिटूनच विचारलं.

"तू बोलू नकोस गं," ऋजुता कुजबुजली. "ऐकू दे मला."

ऋजुता बूच काढू लागली. तेव्हा जुई म्हणाली, "मावशी, हे काढलं तरी आता कानात कुणीतरी गुणगुणतच राहतं. वर्गातपण. जेवतानापण."

त्या रात्री ऋजुताने यंत्र कपाटात कुलूप लावून ठेवलं. ते कुलूप तीन दिवस टिकलं.

विद्यालयाच्या प्रमुख हेर्लेकरबाई. वय पंचाहत्तर, आवाज अजून खणखणीत, आणि कुणाची भीडभाड ठेवायची नाही हा स्वभाव. केतकी त्यांची पट्टशिष्या. बाईंनी ऋजुताला खोलीत बोलावलं तेव्हा त्यांच्यासमोर जुईचे चार फॉर्म पत्त्यांसारखे मांडलेले होते.

"नऊ महिन्यांत चार वेळा तपासलं, आणि चारही वेळा कान तयार नाही?" बाई म्हणाल्या. "या पोरीला मी पाळण्यात बघितलंय. कुणी बेसूर अंगाई म्हटली की भोकाड पसरायची. यंत्र बिघडलंय की तू?"

"बाई, गंधार उतरतो तिचा."

"मग तंबोऱ्यापाशी बसव की. पंधरा दिवसांचं काम. आण तिला, मी बघते."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ऋजुता जुईला घेऊन आली. बाई तंबोरा मांडीवर घेऊनच बसल्या होत्या. त्यांनी जुईला जवळ बोलावलं, पण ती दारातच उभी राहिली.

"मला नाही शिकायचं," जुई म्हणाली.

"का गं बाळ? गाणं आवडत नाही?"

"आवडतं."

"मग?"

जुईने एकदा मावशीकडे पाहिलं. "मी शिकले की कानातली आई पुसली जाते. मग मावशीला कुणीच राहणार नाही."

हे जुईला कुणी सांगितलं नव्हतं. तिने ते ओळखलं होतं. सहा वर्षांच्या पोरीने आपल्यासाठी गाण्यावर पाणी सोडलं होतं आणि आपण ते सोडू दिलं होतं.

बाईंनी तंबोरा बाजूला ठेवला. "लाव ते यंत्र," त्या म्हणाल्या. "ऐकू दे मला ही आई."

बूच बसलं. सा. रे. स्पीकरमधून तो पोकळ, किंचित खालचा गंधार आला. बाईंनी पुन्हा लावायला सांगितलं, आणखी एकदा सांगितलं. मग कानातलं बूच त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं आणि जुईला म्हणाल्या, "जा, पॅसेजच्या टोकाला नळ आहे. पाणी पिऊन ये. सावकाश ये."

जुई गेली. बाई म्हणाल्या, "कुणी सांगितलं तुला हा केतकीचा गंधार आहे?"

"सांगायला कशाला हवं? घरात रोज ऐकलाय मी. जिन्यातून विचारलं की आतून ती..."

"जिना कोण चढायचं, ऋजुता?"

ऋजुताला प्रश्न कळला नाही.

"माझ्या क्लासहून घरी कोण यायचं? केतकी. मी किती वेळा तिच्याबरोबर आलेय तुमच्याकडे, तुझ्या आईच्या हातच्या आंबोळ्या खायला. जिना चढताना ती विचारायची, 'आहेस?' आणि आतून तू उत्तर द्यायचीस. तू घरातच असायचीस गं. तुला मी एका महिन्यात क्लासमधून घरी पाठवलं होतं, विसरलीस? याच गंधारापायी पाठवलं होतं." बाईंनी यंत्राकडे बोट दाखवलं. "केतकीचा सूर असा कधीच लागला नाही. हा तुझा आहे."

"मी गात नाही, बाई. तेव्हापासून मी कधी तोंडच उघडलेलं नाही."

"मला माहीत आहे. ते माझं पाप. पण गात नाहीस म्हणून बोलतही नाहीस का? पोर हाक मारते तेव्हा 'आहे' म्हणतेस ना? कसं म्हणतेस ते कधी ऐकलंयस?"

ऋजुताच्या डोळ्यांपुढे एकदम दवाखान्याचा जिना उभा राहिला. अकरावा दिवस. ती खाली औषधं आणायला गेली होती. वर येताना, आत केतकी पडून आहे, तिला जरा बरं वाटेल म्हणून, तिने जिन्यातूनच हळूच विचारलं होतं, 'आहेस?' आयुष्यात तेवढ्या एका वेळी विचारणारी ती होती. आणि उत्तर आलं नव्हतं.

ते न आलेलं उत्तर ती इतकी वर्षं ऐकू पाहत होती. आणि दुसरं कुठलं उत्तर तिला माहीतच नसल्यामुळे तिने आपलंच बहिणीच्या तोंडी घातलं होतं. जुईने ते ओळखून रोज मावशीच्या पदरात टाकलं होतं. कान आठवून बोलतोय की अंदाजाने, हे यंत्राला कळत नाही. ऋजुतालाही कळलं नव्हतं. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं. बहीण दुसऱ्यांदा गेली होती, आणि या खेपेला तर ती मुळात आलीच नव्हती.

"म्हणजे नऊ महिने मी माझ्याशीच..." ती म्हणाली.

पॅसेजच्या टोकाकडून हाक आली. "मावशी, आहेस?"

तंबोरा उचलायला पुढे झालेला बाईंचा हात हवेतच राहिला.

"हिला ही हाक कुणी शिकवली?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"कुणी नाही. बोलायला लागल्यापासून ती अशीच..." ऋजुता म्हणता म्हणता थांबली.

'आहे' ऋजुताचं होतं, मान्य. पण 'आहेस?' कुणाचं होतं? ते तिने जुईला कधीच म्हटलेलं नव्हतं. जुईच्या वाढत्या सगळ्या वर्षांत ती फक्त उत्तर देत आली होती. यंत्र घरी आलं त्याच्या कितीतरी आधीपासून जुई मोरीतून, गच्चीतून, तापात अंथरुणातून हेच विचारत होती. सा स्वच्छ, रे स्वच्छ, आणि रे सोडताना शेवटाला एक बारीकशी वर उचललेली लकेर. जिना चढताना शेवटच्या पायरीवर केतकी घ्यायची ती, जुई पोटात असतानाही.

ऋजुता ते रोज ऐकत होती. दिवसातून दहा वेळा. फक्त त्या वेळी तिचं लक्ष तारा सोडवण्यात असायचं.

"मावशी, आहेस?" पुन्हा हाक आली, आता थोडी घाबरलेली.

"आहे," ऋजुता म्हणाली. गंधार उतरला. या वेळी तिला तो ऐकू आला.

तिने पाचवा फॉर्म घेतला. शिक्का मारला. अक्षरं नीट उमटली. कान तयार.

"हिचा गंधार सरळ होईल हं आता," बाई म्हणाल्या. "तुझा तिच्या कानातून जाईल."

"जाऊ दे."

"आणि हाक?"

हाकेचं काय होईल हे ऋजुताला माहीत नव्हतं आणि ते सांगेल असं कुठलंही यंत्र नव्हतं.

पंधरा दिवसांत गंधार सरळ झाला. जुईच्या कानातलं गुणगुणणं थांबलं. शाळेत ती आपलं नाव घेतल्यावर हजर म्हणू लागली, आणि बेल वाजल्यावर 'बघ गं कोण आहे' असं चार वेळा सांगितल्याशिवाय उठेनाशी झाली. जुनं यंत्र ऋजुताने विद्यालयाच्या अडगळीत होतं तिथे नेऊन ठेवलं.

एका शनिवारी ती जुईला न्यायला थोडी लवकर आली आणि जिन्याखालच्या बाकावर बसली. वर बाईंच्या खोलीत तंबोरा चालू होता, दार बंद होतं. मुलं एकत्र सुरांचे पलटे म्हणत होती आणि त्यांतला एकही आवाज वेगळा काढता येत नव्हता.

"आहे," ऋजुता म्हणाली.

शेजारी बसलेल्या एका बाईने चमकून तिच्याकडे पाहिलं. ऋजुता स्वतःही दचकली. तिने तोंडावर हात ठेवला. कुणी काही विचारलंच नव्हतं. वर अजून पलटेच चालू होते.

मग तंबोरा थांबला. दार उघडलं, चपलांचा एकच गलका झाला, आणि जिन्याच्या वरच्या टोकावरून दोन स्वच्छ सूर खाली आले.

"मावशी, आहेस?"